हत्यार, गिऱ्हाईक आणि रस्ता
(बाळापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: बदलत्या कामाच्या जगात टिकायचं कसं? या विषयावरच्या भाषणांना हल्ली तोटा नाही. कंपनीच्या सभागृहात, कॉलेजच्या संमेलनात, सकाळी उठल्याबरोबर मोबाईलवर कोणी ना कोणी बजावतच असतं, की बदला, नाही तर संपाल. ऐकणारा मान डोलावतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कामाला लागतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण 'बदला' म्हणणाऱ्याने त्याला नेमकं काय बदलायचं ते सांगितलेलं नसतं. शिकायला दिवस लागतात, ते कुठून काढायचे हेही सांगितलेलं नसतं. आणि त्या दिवसांत घरची चूल कशी पेटायची, हा प्रश्न तर कोणी काढतच नाही.

माझी हयात आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्टची पोरं शिकवण्यात गेली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो, तेही जन्मभर शिक्षकच होते. त्यामुळे या व्यासपीठावरून उपदेश करण्यापेक्षा थोडा हिशेब मांडावा, असं मी ठरवलं. त्या हिशेबासाठी सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जायची गरज नाही. बाळापूरचा इतिहास पुरेसा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माणसाच्या हातचं काम तीन वाटांनी जातं. कधी हत्यार बदलतं, कधी गिऱ्हाईक जातं आणि कधी रस्ताच दुसरीकडून निघतो. तिन्ही वेळी नुकसान सारखंच दिसतं, पण इलाज वेगवेगळा असतो. आपल्यावर यांतली कोणती वेळ आली आहे हे ओळखल्याशिवाय केलेली धावपळ फुकट जाते.

आधी गिऱ्हाइकाचं पाहू. 'ऐन-ए-अकबरी'त बाळापूरचा परगणा वऱ्हाडातल्या सधन परगण्यांत गणला आहे. पुढे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर विटांचा हा बुलंद किल्ला उभा राहिला. एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ साली तो पुरा केला. निजामाच्या अमदानीत एलिचपूरखालोखाल फौजेचं मोठं ठाणं इथेच होतं. फौज आली की सरदार आले, सरदार आले की पोशाख आला, आणि पोशाख म्हटला की पागोटं आलंच. बाळापूरच्या तलम पागोट्यांना तेव्हा नाव होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांत मात्र हा धंदा उतरणीला लागलेला दिसतो.

असं का झालं? विणकराचा हात बिघडला नव्हता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं, दरबारी थाट ओसरला आणि किल्ल्यात तहसील कचेरी बसू लागली. डोक्यावरचं पागोटं जाऊन फेटा आला, मग टोपी आली आणि पुढे डोकं उघडंच राहिलं. अशा वेळी विणकराने पागोटं आणखी तलम विणलं असतं तरी काय उपयोग होता? घेणाराच उठून गेला होता. आज एखाद्या माणसाला आपण म्हणतो, 'अरे, जास्त मेहनत कर, कामात आणखी सफाई आण.' गिऱ्हाईक गेलेल्या धंद्यात हा सल्ला क्रूर ठरतो. तिथे एकच प्रश्न विचारायचा असतो: माझ्या हातातलं कसब दुसऱ्या कोणाला हवं आहे का?

या प्रश्नाचं उत्तर कागदाच्या धंद्यात सापडतं. बाळापुरात हातकागदही होत असे. कागद जाडाभरडा, पण कचेरीच्या कामाचा. चिंध्या आणि जुने दोर चुन्यात भिजवायचे, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदात कालवून साच्यावर उचलायचा, ताव वाळवायचे, खळ द्यायची आणि शेवटी घोटून घोटून लेखणी अडखळणार नाही इतका गुळगुळीत करायचा, अशी दख्खनभर हातकागदाची रीत होती. या धंद्याचं गिऱ्हाईक काही कमी झालं नव्हतं. इंग्रजी राज्यात शाळा निघाल्या, न्यायालयं निघाली, फायलींचे ढीग वाढले. कागद पूर्वी कधी लागला नव्हता इतका लागू लागला. पण तो गिरणीतून येऊ लागला. इथे गिऱ्हाईक जागेवर होतं, हत्यार बदललं होतं. बाळापूरचा कागद त्यात गेला.

दौलताबादजवळचं कागजीपुरा मात्र तगून राहिलं. तिथे आजही हातकागद होतो. त्या कारागिरांनी गिरणीशी भावात झुंज घेतली नाही. गिरणीला जे जमत नाही, किंवा करणं परवडत नाही, ते करायला त्यांनी घेतलं. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली. चित्रकार, लग्नपत्रिका छापून घेणारे, जुन्या पोथ्या जपणारे असे नवे घेणारे हातकागदाला मिळाले. पण एक गोष्ट विसरू नका. संस्था होती, गांधींच्या ग्रामोद्योग चळवळीचं बळ पाठीशी होतं, म्हणून हे घडलं. एकट्या कागज्याच्या जिद्दीवर ते सोडलं असतं, तर त्याचंही बाळापूरच झालं असतं.

आता रस्ता. मुंबईकडून निघालेली जीआयपी रेल्वे भुसावळवरून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. बाळापूरला ती शिवली नाही. तुमचं स्टेशन पारस, सहा मैलांवर. सहा मैल म्हणजे बैलगाडीला फार नाही. पण बाजार सहा मैल चालत येत नसतो, तो रुळाकाठी जाऊन बसतो. अकोला वाढलं. खामगावच्या कापसाला १८७० साली स्वतंत्र फाटा मिळाला आणि त्याच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. बाळापूरचा कारागीर तोच, माल तोच, गाव तेच. रस्ता मात्र बाजूने गेला.

तो रस्ता कोणासाठी होता, हेही एकदा पाहिलं पाहिजे. त्या काळी वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापूस आयुक्त नेमला होता. त्याने आपल्या अहवालात स्वच्छ लिहून ठेवलं, की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता आलं, तर दुहेरी लाभ होईल. इथे सुतात खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. म्हणजे विणकराने पुढे काय व्हायचं, हे साहेबाने आधीच ठरवून ठेवलं होतं. आजच्या भाषेत त्याला 'करिअर बदल' म्हणतील. बदल झाला खरा, पण तो वर जाणारा नव्हता.

हे सांगतो ते जुन्या जखमा उकरायला नव्हे. 'बदला' असं कोणी म्हणालं की, कशातून कशात, आणि लाभ कोणाचा, एवढं विचारायची सवय आपल्याला लागावी म्हणून सांगतो.

रस्त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या रुळांनी बाळापूरला चुकवलं, त्याच रुळांवरून पुढे पारसला कोळसा आला आणि वीज केंद्र उभं राहिलं. १९६१ साली ३० मेगावॅटचा संच आला, मग ६२.५ मेगावॅटचा. ते दोन्ही आता इतिहासजमा झाले. त्यांच्या जागी २५० मेगावॅटचे दोन संच चालतात.  म्हणून रस्ता बदलला की दोनच पर्याय असतात: आपण रस्त्याकडे सरकायचं, नाही तर रस्त्यावरून येणाऱ्याला आपल्याकडे थांबायचं कारण द्यायचं. आज राष्ट्रीय महामार्ग तुमच्या दाराशी आहे आणि मोबाईलचा रस्ता तर घरात शिरला आहे. त्यावरून बाळापूरचं काय बाहेर जाणार, हा प्रश्न इथल्या तरुणांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे.

आता हत्यार. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आजच्या बहुतेकांची अडचण हीच आहे आणि हा माझ्या घरचा विषय आहे.

साध्या लेथवरचा टर्नर काय करतो? चकमध्ये जॉब धरतो, डायल लावून तो खरा फिरतो का ते बघतो, टूलपोस्टमध्ये टूल बसवतो आणि हँडव्हील फिरवत कट देतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप आणायला त्याच्या मनगटाला वर्षं लागतात. मग कारखान्यात सीएनसी मशीन आलं. हँडव्हील फिरवायचं कारणच उरलं नाही. प्रोग्रॅम टाकायचा, ऑफसेट भरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. ज्याने मनगट घडवण्यात उमेद घालवली, त्याला वाटलं आपला खेळ आटोपला.

अशाच एका वर्कशॉपमध्ये मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका पोराने प्रोग्रॅम चढवला, मशीन चालू केलं. स्क्रीनवर सगळं ठाकठीक, एकही अलार्म नाही. पण जॉब बाहेर काढला तर त्यावर बारीक लाटा उमटलेल्या. पोराने प्रोग्रॅम तपासला, फीड कमी करून पाहिला, लाटा काही जाईनात. पलीकडे जुना टर्नर पंचिंग मारत उभा होता. त्याने मशीनकडे बघितलंही नाही. नुसता आवाज ऐकून म्हणाला, 'टूल लय बाहेर काढलं बाप्पा त्वा. आत घे.' टूल आत घेतलं आणि पुढचा जॉब साफ निघाला. टूल होल्डरबाहेर गरजेपेक्षा जास्त निघालं की कापताना थरथरतं, हे त्याच्या कानाने कैक वर्षांपूर्वी शिकून घेतलं होतं. स्क्रीनला ते ठाऊक नव्हतं.

श्रोतेहो, प्रत्येक कामात असे दोन भाग असतात. एक हाताचा, एक पारखीचा. यंत्र आधी हाताचा भाग घेतं. पारखीचा भाग ते उशिरा घेतं, आणि पुरता घेतं असं अजून तरी दिसत नाही. म्हणून नवं शिकायचं तर पाटी कोरी करून बसायचं नाही. आपल्या पारखीवर पाय रोवायचा आणि तिथून नव्या हत्याराकडे हात लांबवायचा. त्या टर्नरने पुढे ऑफसेट भरायला शिकून घेतलं तेव्हा तो नव्या पोरांपेक्षा भारी ऑपरेटर ठरला. त्याला आकडे अवघड गेले नाहीत. अवघड गेलं ते मुलाच्या वयाच्या पोराला 'हे कसं करायचं रे?' असं विचारणं. प्रौढ माणूस शिकताना अडतो तो बहुधा बुद्धीपाशी नाही, मानापाशी अडतो. वर्गात चाळिशीचे शिकाऊ बसले की मी पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नसे. आधी प्रत्येकाकडून त्याच्या जुन्या कामातली एक खुबी इतरांना शिकवून घेत असे. ज्याने शिकवलं, त्याला शिकायची लाज उरत नाही.

तहसील कचेरीबाहेरही हेच पाहायला मिळतं. अर्जनवीस, दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते यांची एक वेगळीच दुनिया असे. लिंबाखाली टेबल, टेबलावर रेमिंग्टनचं मशीन, कार्बन लावलेल्या तीन प्रती. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेवर किती घरं चालली! पुढे ती परीक्षाही संगणकावर गेली. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या निघू लागला. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करू लागला. लिंबाखालची गर्दी उठणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण ज्यांनी टाईपरायटर ठेवून लॅपटॉप-प्रिंटर घेतला, त्यांच्यापुढे अजूनही माणसं बसलेली दिसतात. मी एकाला विचारलं, 'आता सगळं ऑनलाइन आहे, मग तुमच्याकडे काय काम?' तो हसला. म्हणाला, 'सायेब, मशीन बदलली. पन कोनता अर्ज कोनापाशी द्याचा, कोनता कागद जोडाचा, हे मानसाले थोडीच समजून राह्यलं?' टाईप करणं हा त्याच्या कामातला हाताचा भाग होता. कचेरीची वाट ठाऊक असणं हा पारखीचा. तो त्याने ओळखला आणि तगला.

पण त्याच लिंबाखाली काही टेबलं कायमची उठली, हेही मी पाहिलं आहे. त्यांतले सगळे हट्टी नव्हते. लॅपटॉपचे पैसे नव्हते, डोळ्यांना चष्मा मिळाला नव्हता, घरात आजारपण होतं. यशस्वी माणसाची गोष्ट सांगताना आपण या टेबलांवरून पुढे जातो आणि मग निष्कर्ष काढतो, की ज्याला पाहिजे तो बदलतोच. हे खरं नाही. ज्याला शिकण्याच्या काळात पगार मिळतो, तो बदलण्याची शक्यता जास्त असते, एवढंच खरं.

आपल्या देशाने हा धडा शिकायची एक मोठी संधी घालवली आहे. १९९२ साली आर्थिक सुधारणांबरोबर केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभा केला. कारखाने बंद होतील, तिथल्या कामगारांना नवं शिकवून पुन्हा उभं करायचं, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्ती देण्यात खर्ची पडला. प्रशिक्षणाला हिस्सा आला तो फार थोडा. माणसाला घरी पाठवायला पैसा होता, त्याला शिकवायला नव्हता.

आजही योजना आखताना आपली नजर तरुणांवरच जाते. २०२४ साली राज्य सरकारने विद्यावेतनासह कार्य प्रशिक्षणाची योजना आणली, तिची वयोमर्यादा १८ ते ३५. चांगली योजना, पण काम हातचं जातं ते बहुधा चाळिशी-पन्नाशीत. त्या मानाने २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेचं तत्त्व मला पटतं. सुतार, लोहार, कुंभार अशा १८ व्यवसायांतल्या कारागिराला शिकतानाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. शिकण्याचा दिवस हा बुडीत दिवस नाही, हे सरकारने मान्य केलं. दिवस मात्र थोडे आहेत. पायाभूत प्रशिक्षण आठवडाभराचं. आठवड्यात हत्याराची ओळख होते, हात बसत नाही. सिंगापूरने २०२४ साली चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावे प्रशिक्षणासाठी ४,००० सिंगापुरी डॉलर ठेवले, आणि २०२५ पासून पूर्णवेळ शिकणाऱ्याला महिन्याचा भत्ताही सुरू केला. सिंगापूर श्रीमंत आहे, मान्य. पण चाळिशीनंतरच शिकण्याची खरी गरज पडते, हे ओळखायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे एमएस-सीआयटीचा अनुभव आहे. २००२ पासून हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीला त्याची अट आली, तेव्हा कारकुनापासून शिक्षकापर्यंत सगळे माऊस धरायला शिकले. त्यातलं किती मनापासून आणि किती प्रमाणपत्रापुरतं, यावर वाद घाला. पण एक दिसलं: शिकण्याची जागा घरापासून सायकलच्या अंतरावर असली आणि शिकल्याचा काही लाभ पदरात पडणार असला, की पन्नाशीची माणसंही शिकतात.

आता सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्ता पत्र लिहिते, भाषांतर करते, हिशेब तपासते, चित्र काढते. मग आपलं काय? माझं उत्तर तेच तीन प्रश्न आहेत. तुमच्या कामाचं हत्यार बदललं आहे का? तसं असेल तर ते हत्यार आजच हातात घ्या आणि त्याला कळत नाही ते तुम्हाला काय कळतं, हे शोधा. गिऱ्हाईकच गेलं आहे का? तर जुन्या कामात सफाई आणण्यात वर्षं घालवू नका, कसबाला दुसरा घेणारा शोधा. रस्ता बदलला आहे का? तर जागा बदला, नाही तर नव्या रस्त्यावर पाटी लावा.

एवढं करूनही भविष्य कोणाला पुरतं कळत नाही. मोडी लिपी व्यवहारातून गेली तेव्हा ती येणाऱ्याला कोणी विचारीना. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, आणि जुनी दप्तरं वाचायला मोडी जाणणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध झाली. म्हणून जुनं कसब टाकाऊ म्हणून फेकू नका. ते कोणाला तरी शिकवून ठेवा.

शेवटी तीन मागण्या करतो आणि थांबतो. पहिली मागणी इथल्या दुकानदार, कारखानदार आणि संस्थाचालकांकडे. तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन तास, पगार न कापता, शिकायला सोडा. नवं मशीन आणायचं ठरवाल त्याच दिवशी जुन्या माणसाचं प्रशिक्षणही ठरवा. दुसरी मागणी शिक्षणसंस्था आणि नगर परिषदेकडे. संगणक कक्ष आणि कार्यशाळा संध्याकाळी कुलपात असतात. त्या चाळिशीवरच्या माणसांसाठी उघडा, आणि शिकवायला याच गावातली तरुण पोरं घ्या. तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. घरात, कचेरीत, दुकानात कोणी वयस्क माणूस नवी गोष्ट विचारत असेल, तर त्याच्या हातातून मोबाईल ओढून 'द्या, मीच करतो' म्हणू नका. त्याच्या हाताने करू द्या. चुकला तर पुन्हा दाखवा. पुढच्या महिन्यात या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी असा एक संध्याकाळचा वर्ग सुरू केला, तर पहिल्या आठवड्याला शिकवायला मी येतो.